धरलंय का सोडलंय, ते तरी ठरू द्या

मा. संपादक, स.न.

राज्यसेवेचा नाहीतर यूपीएससीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात पेढा भरवतानाचा फोटो येतो आणि त्याखाली ठरलेली बातमी, चार वेळा हुकलं, पाच वेळा हुकलं पण जिद्द सोडली नाही आणि शेवटी साहेब झाला. त्या पोरांचं मला मनापासून कौतुक आहे, त्यातली काही माझ्या हातचं जेवून गेलेली आहेत आणि त्यांचा पेढा मी पण खाल्लाय. पण ही बातमी आमच्याकडे कशी वाचली जाते ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, छापताना कापलंत तरी चालेल पण आकड्यांचा भाग आणि मुलींचा भाग कापू नका एवढी विनंती.

मी पुण्यात सदाशिव पेठेत मेस चालवते. सासूबाईंनी घरून डबे द्यायला सुरुवात केली होती, पुढे मी जागा घेऊन टेबलं टाकली. दोन वेळचं जेवण, रविवारी सकाळी फीस्ट आणि रात्री सुट्टी. येणारी जवळजवळ सगळी पोरंपोरी स्पर्धा परीक्षावाली, बीड, लातूर, नांदेड, परभणी, सोलापूर, बुलढाणा, जळगाव कुठून कुठून आलेली. कॉट बेसिसवर राहतात, दिवसभर अभ्यासिकेत बसतात, जेवायला माझ्याकडे. माझं घर या पोरांच्या जिवावर चालतं, ती जितकी जास्त वर्षं इथे थांबतील तितकं माझं बरं, तरीपण मी हे लिहितेय कारण काही काही पोरांना समोर ताट वाढताना आता पोटात कालवतं.

तर ती बातमी. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपर टेबलाटेबलावर फिरतो आणि ज्याचं या वेळी पण गेलंय तो ती वाचतो आणि म्हणतो बघा काकू, याला सहाव्यात मिळाली, माझा तर आत्ताशी पाचवा झाला. म्हणजे त्याने स्वतःचं काय झालं ते बघितलंच नाही, दुसऱ्याच्या आकड्यात स्वतःला बसवून टाकलं. आणि ज्यांनी सहा केले आणि काहीच हाती लागलं नाही त्यांचा फोटो कोण छापणार, ते एका रात्री बॅग भरून स्वारगेटला जातात, मेसचं मागचं बिल प्रामाणिकपणे जीपे करतात आणि नंतर नंबर बदलतात.

यूपीएससीचे २०२३ चे आकडे तुमच्याच पेपरात आले होते, एका मुलाने ते कात्रण कापून माझ्या काउंटरच्या मागे चिकटवलंय. फॉर्म भरले १०,१६,८५० जणांनी. पूर्व परीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. मुख्य परीक्षेला गेले १४,६२४, मुलाखतीला २,८५५ आणि शेवटच्या यादीत १,०१६. सगळे त्या शेवटच्या हजारावर बोलतात. माझी नजर मात्र पहिल्या दोन आकड्यांवर अडकते, सव्वाचार लाख लोकांनी फॉर्म भरला आणि पेपरलाच गेले नाहीत. त्यात कुणी आजारी असेल, कुणी नोकरीत अडकलं असेल, कुणी उगाच भरून ठेवला असेल, सगळं मान्य. पण माझ्यासमोर बसणाऱ्या पोरांकडे बघून मला माहितीये की त्यात असे पण भरपूर असणार ज्यांचा अभ्यास आतून कधीच सुटलाय, फक्त घरी सांगितलेलं नाही. फॉर्म भरला म्हणजे सोडलेलं नाही आणि पेपरला गेले नाहीत म्हणजे धरलेलं पण नाही. आपल्याकडे म्हणतात ना धरलं तर चावतंय सोडलं तर पळतंय, तशी गत झालीये आणि माझं सगळं म्हणणं या मधल्या पोरांबद्दल आहे. चिकाटी धरणाऱ्याची मला काळजी नाही, ठरवून सोडणाऱ्याची तर अजिबात नाही. ज्याने या दोन्हीतलं काहीच केलेलं नाही त्याची वर्षं जातात.

मला ते कळतं कशावरून तर खाड्यांवरून. आमच्याकडे महिन्याचं कार्ड असतं, तीस दिवसांचे दोन वेळचे साठ चौकोन, जेवलं की टिक आणि आलं नाही की खाडा. पहिल्या वर्षीच्या पोराचे खाडे कळतात, गावाकडे लग्न, पोळा, दिवाळी, आईचं ऑपरेशन. मनापासून अभ्यास करणाऱ्याचे पण कळतात, परीक्षेच्या आधी पंधरा दिवस तो डबा नेतो कारण त्याला इथे येऊन बोलण्यात वेळ घालवायचा नसतो. पण काही कार्डं अशी असतात की दुपारचा खाडा रोजचा, कारण पोरगं उठतंच एक दीडला, रात्री जेवायला येतं तेव्हा गर्दी संपल्यावर येतं, ज्युनियर मुलं असतील तर बाहेरच थांबतं. दिवाळीला घरी जात नाही, आणि विचारलं की म्हणतं अभ्यास आहे काकू. आणि दिवाळीत तो अभ्यासिकेतही नसतो, रूमवर झोपलेला असतो, हे मला त्याचाच रूममेट सांगतो. तेव्हा मी समजते की याचं सुटलंय आणि हे त्याला स्वतःला पण अजून नीट कबूल नाही.

मग मी काय करते, मी शिकलेली नाही फार, बारावी झाले आणि लग्न झालं, पण एक प्रश्न विचारते. अरे बाळा मागच्या वर्षी तुझं नक्की कशात गेलं आणि या वर्षी तू काय वेगळं करतोयस. एवढंच.

बीडकडचा एक मुलगा होता, दोनदा मेन्स म्हणजे मुख्य परीक्षा देऊन राहिला होता. त्याने मला जेवता जेवता वही उघडून दाखवली. टेस्ट सिरीजमधले आणि खऱ्या पेपरातले चुकलेले सगळे प्रश्न, आणि प्रत्येकापुढे तीन रकान्यांपैकी एकात खूण, येतच नव्हतं, येत होतं पण घाई केली, तुक्का मारला. म्हणाला, काकू माझे जास्त मार्क न येण्यात जात नाहीयेत, घाईत आणि तुक्क्यात जातायत, पूर्वला चार चुकले की एका बरोबर उत्तराचे मार्क कापतात आणि मी दोघांत शंका असली की उडी मारतो, म्हणून या वर्षी मी किती प्रश्न सोडायचे ते आधीच ठरवून बसणारे. आता त्या वेळी त्याचं वय अठ्ठावीसच्या पुढे होतं, घरी बहिणीचं लग्न व्हायचं होतं, लोक म्हणत होते बास कर. मी म्हटलं नाही, तू थांब, आणि दोन महिने मेसचे पैसे उशिरा दे. कारण तो वही दाखवत होता. त्याला पुढे पोस्ट मिळाली, पण नसती मिळाली तरी मी त्याला थांबच म्हटलं असतं, हे मला नीट सांगायचंय. निकालावरून चिकाटी बरोबर होती का चूक ते ठरत नाही, त्या वेळी हातात काय होतं त्यावरून ठरतं.

दुसरा मुलगा, बीएस्सी ॲग्री, स्वभावाने याच्यापेक्षा गोड. पूर्व परीक्षाच निघत नव्हती. दरवर्षी त्याने काहीतरी बदललेलं असायचं, क्लास बदलला, अभ्यासिका बदलली, अप्पा बळवंत चौकातून पुस्तकांचा नवीन सेट आणला, रूम पार्टनर बदलले. मी तोच प्रश्न विचारला तर म्हणाला, या वेळी कटऑफ खाली येणारे काकू, आणि दीड मार्काने गेलीये मागची. मी म्हटलं त्याच्या आधीची. ती पण थोडक्यात गेली होती. थोडक्यात गेली म्हणजे मार्क वाढतायत का तेवढेच आहेत, तर तेवढेच होते, कटऑफ मात्र त्याच्या पुढे पळत होता. तो बराच वेळ ताटावर बसून राहिला. मग एकदा स्वतःहून आला आणि म्हणाला काकू मला साहेब व्हायचंय का नाही ते आता मला माहीत नाही, पण हात हलवत घरी कसं जाऊ ते कळत नाही. हे ऐकून मला रडू आलं. कारण खरं कारण तेच होतं, तो परीक्षेसाठी थांबलेलाच नव्हता, परतीच्या तोंडावर अडकला होता. आज तो त्याच्या तालुक्याला ठिबक सिंचनाच्या डीलरकडे आहे, शेतावर जाऊन माप घेतो, मांडणी काढून देतो, शेतकरी त्याला साहेबच म्हणतात. लग्न झालं, मुलगी आहे. त्याची बातमी तुमच्या पेपरात कुठल्या पानावर येईल सांगा.

आता वयाचं आणि अटेम्प्टचं. यूपीएससीला खुल्या गटाला सहा वेळा आणि ३२ वर्षं, ओबीसीला नऊ आणि ३५, एससी एसटीला ३७ पर्यंत कितीही. म्हणजे दार कधीतरी आपोआप बंद होतं, कटू असतं पण बंद होतं. राज्यसेवेला खुल्याला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वयापर्यंत बसता येतं. २०२० च्या डिसेंबरमधे राज्यसेवा घेणाऱ्या आयोगाने, म्हणजे एमपीएससीने, अटेम्प्टची मर्यादा आणायचं जाहीर केलं होतं आणि मग ते मागे घेतलं. मला विचाराल तर मागे घेतलं ते बरोबर झालं. खेड्यातलं पोर पदवी होऊन, दोन वर्षं घरची शेती बघून, मग पैसे साठवून इथे येतं, त्याला पहिली दोन वर्षं तर अभ्यास कसा करायचा हे कळण्यातच जातात, त्याचे अटेम्प्ट शहरातल्या पोराइतके मोजणं अन्यायच झाला असता. पण मर्यादा नाही याचा अर्थ असा की ती मर्यादा आता ज्याची त्याने घालायची, आणि बावीस तेवीसच्या पोराला ती घालायला कुणी शिकवलेलं नाही. क्लासवाला शिकवणार नाही. मेसवाल्या, अभ्यासिकावाल्या, रूमवाल्या आम्ही शिकवणार नाही. यूट्यूबवरचे सर तर म्हणतातच, मैदान सोडू नका.

आणि ती मर्यादा घालायची झाली तरी पोरांनी कशाच्या आधारावर घालायची, परीक्षाच जागेवर राहत नसेल तर? ५ एप्रिल २०२० ला व्हायची राज्यसेवा पूर्व परीक्षा शेवटी २१ मार्च २०२१ ला झाली. कोरोना होता, आरक्षणाचा प्रश्न होता, मान्य आहे, पण १४ मार्चची ठरलेली तारीख तीन दिवस आधी पुढे ढकलली तेव्हा पोरं शास्त्री रोडवर उतरली होती, माझ्या मेसमधली अर्धी तिकडे होती. मी त्यांना समोसे पाठवले होते. त्याच वर्षी पावसाळ्यात पुण्यातल्या एका मुलाने जीव दिला, मुख्य परीक्षा पास होऊन मुलाखतीची वाट बघत होता तो. त्याच्यावर जास्त लिहीत नाही, त्याच्या आईवडिलांचं दुःख त्यांच्याजवळ राहू दे. पण तेव्हापासून मी कुठल्याही पोराला तू उगाच थांबलायस असं तोंडावर म्हणत नाही, कारण त्याला थांबवलंय कुणी हे आधी बघावं लागतं. नंतर २०२४ ला २५ ऑगस्टची परीक्षा बँकेच्या परीक्षेच्या दिवशीच आली, पुन्हा आंदोलन, पुन्हा पुढे, ती १ डिसेंबरला झाली. २०२५ ला २८ सप्टेंबरची ९ नोव्हेंबरला गेली, पण तेव्हा मराठवाड्यात पूर आला होता, पोरांच्या घरात पाणी होतं, ती ढकलली ते योग्यच केलं. माझं म्हणणं तारखा कधीच हलू नयेत असं नाही. पण ज्या पोराने ठरवलंय की एक वर्ष देतो आणि निघतो त्याचं ते एक वर्ष पावणेदोन वर्षांचं होतं आणि मग तो म्हणतो आता एवढं थांबलोय तर पुढची पण देऊन बघतो.

२०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा लेखी झालीये, आधी भाषेचा एक पेपर सोडला तर पर्याय निवडून गोळे काळे करायचे होते, आता नऊ पेपर हाताने लिहायचे, त्यातले दोन भाषेचे नुसते पास व्हायचे आणि बाकी सात १७५० मार्कांचे. २०२२ ला जाहीर झालं तेव्हा लगेच लागू करणार होते, पोरांनी अलका चौकात ठिय्या दिला आणि मग ते २०२५ वर गेलं. ही दोन अडीच वर्षं मिळाली ती सोन्यासारखी होती. माझ्याकडची एक मुलगी तेव्हापासून रोज रात्री जेवण झालं की कोपऱ्यातल्या टेबलावर बसून माझ्या भिंतीवरच्या घड्याळावर आठ मिनिटं लावून एक उत्तर लिहायची, एकच, आणि उठून जायची. पहिल्या पहिल्यांदा तिचं पान पण भरायचं नाही आठ मिनिटात, अक्षर असं की तिलाच लागायचं नाही, पुढे पुढे ती आठ मिनिटं व्हायच्या आत पेन खाली ठेवायला लागली. आणि शेजारच्या टेबलावर त्याच वेळी तीन सिनियर रोज चर्चा करायचे की पॅटर्न परत बदलेल का, कोर्टात कोण गेलंय. मी त्यांना तेव्हाच म्हटलं होतं, पॅटर्न बदलला की ती थांबून विचार करायची जागा आहे. पाच वर्षं तुम्ही एका प्रकारची परीक्षा दिली, आता ती परीक्षा राहिलीच नाही, नवीन परीक्षेला तुम्ही आणि काल आलेलं पोर सारखेच आहात, तर आज नव्याने यायचं असतं तर आला असता का असं स्वतःला विचारा. हो म्हणालात तर वही घ्या, नाही म्हणालात तर तिकीट काढा. त्यातला एक खरंच गेला. दोघांनी वही घेतली.

आता मुलींचं. हा भाग कृपा करून छापा. मी आतापर्यंत जे लिहिलं ते सगळं मुलांचं दुखणं आहे, मुलींचं उलटं आहे. मुलाला आठ आठ वर्षं कुणी थांबवत नाही आणि मुलीला तिचं जमायला लागलं की थांबवतात. दोन किंवा फार तर तीन प्रयत्न, तेही भांडून मिळालेले, आणि मग स्थळ आलंय, मुलगा इंजिनियर आहे, लग्नानंतर पण अभ्यास करू देणार आहेत म्हणे. काय करू देतात ते मी बघितलंय, त्यातल्या दोघी लग्नानंतर एकदा भेटायला आल्या होत्या, पुस्तकं माळ्यावर आहेत म्हणाल्या. या मुलींचे मार्क वाढत असतात हो. पहिल्या वेळी पूर्व निघत नाही, दुसऱ्या वेळी निघते, तिसऱ्या वेळी मेन्समधे थोडक्यात राहते, म्हणजे अगदी जिथे धरून ठेवायला पाहिजे तिथे घरचे येऊन खोली रिकामी करतात. आणि त्याच घरातला भाऊ पाच वेळा पूर्वमधेच राहिलाय, त्याच्यासाठी अजून एक वर्ष आणि लागलं तर अर्धा एकर. त्या यूपीएससीच्या १,०१६ मधे मुली ३५२ होत्या. एक तृतीयांशच्या थोड्या वर. मला वाटतं ज्या आल्या त्या परीक्षेशी जेवढ्या झगडल्या तेवढ्याच घराशी झगडल्या असणार. तेव्हा वडील मंडळींना हात जोडून सांगणं आहे की कधी थांबायचं हा नियम मुलाला आणि मुलीला एकच लावा, दोघांचे मार्क समोर ठेवून लावा, वय आणि शेजारी बघून लावू नका.

एवढे पैसे घातले, आता कसं सोडायचं, हे वाक्य तर मी रोज ऐकते. पुण्यात रूम, मेस, अभ्यासिका, झेरॉक्स धरून कितीही काटकसर केली तरी महिन्याला दहा बारा हजाराच्या खाली भागत नाही, क्लासची फी वेगळी. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलेलं असतं, कुणाच्या आईच्या पाटल्या गेलेल्या असतात. त्या पैशाचं ओझं एवढं असतं की पोरगं म्हणतं मी आता परत गेलो तर ते सगळं वाया गेलं. अरे पण ते गेलेले पैसे गेले, तू अजून एक वर्ष थांबल्याने ते परत येत नाहीत, फक्त त्यात अजून सव्वा लाख जातात. हिशेब करायचा तो पुढच्या वर्षाचा करायचा. हे आईबापांनी स्वतः तोंडाने म्हटलं पाहिजे, की बाळा जे गेलं ते आम्ही तुझ्या शिक्षणावर घातलं, त्याचा हिशेब तुझ्याकडे कुणी मागणार नाही. मागच्या वर्षी एका मुलाचे वडील इथे आले, धोतर टोपी, पोराशेजारी बसून जेवले आणि सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, यायचं तेव्हा ये, घरी काम भरपूर आहे. त्या पोराने त्यानंतर चांगला अभ्यास केला. परत जायला जागा आहे हे कळल्यावर भीती गेली त्याची.

मी तर म्हणते पोटाची सोय करून धरा. आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, २०१५ पासून रेल्वेत तिकीट तपासनीस होता आणि नेमबाजी पण चालू होती, २०२४ ला पॅरिसला ऑलिंपिकमधे ब्राँझ आणलं. नऊ वर्षं. त्याला कुणी म्हटलं नाही की नोकरी धरली म्हणजे तू बंदूक सोडलीस. आमच्याकडे मात्र गट क ची क्लार्कची पोस्ट निघाली तर पोरं घ्यायची का नको म्हणून महिनाभर चर्चा करतात, नको, मग राज्यसेवेचा अभ्यास सुटेल. सुटत नाही हो. ज्यांनी छोटी पोस्ट घेतली आणि रात्री अभ्यास केला त्यातले कितीतरी पुढे मोठ्या पोस्टवर गेलेले मी बघितलेत, आणि जे नाही गेले ते दर महिन्याला पगार घेतायत, घरच्यांच्या नजरेला नजर देतायत. आणि त्या छोट्या जागा पण काही रस्त्यावर पडलेल्या नाहीत, २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि अर्ज दहा लाखांच्या वर होते, खुल्या गटाला हजार रुपये फी भरून.

डॉ. श्रीराम लागूंनी कान नाक घशाची चालती डॉक्टरकी सोडून १९६९ पासून पूर्णवेळ नाटक धरलं, त्यांना आज कुणी अर्धवट सोडणारा म्हणत नाही. नाव झालं म्हणून म्हणत नाही. नाव न होता साधं नीट आयुष्य झालं तरी सोडणं तेवढंच बरोबर असतं, हे आपल्या लोकांना कधी पटणार माहीत नाही.

आता मागण्या. एमपीएससीकडे एक, की पुढच्या वर्षाचं वेळापत्रक जाहीर करता तर ते पाळा, आणि मुख्य परीक्षेत आणि मुलाखतीत राहिलेल्या प्रत्येकाला त्याचे पेपरवार मार्क पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायच्या आत मिळू द्या, म्हणजे तो मार्क बघून फॉर्म भरेल, अंदाजावर भरणार नाही. दुसरं, यूपीएससीने २०२५ ला प्रतिभा सेतू म्हणून सुरू केलंय, मुलाखतीपर्यंत जाऊन शेवटच्या यादीत न आलेल्या मुलांची माहिती त्यांच्या संमतीने कंपन्यांना आणि सरकारी संस्थांना बघता येते. तसं काही राज्यात करा. जो पोरगा पूर्व आणि मुख्य काढून मुलाखतीला गेला त्याला महाराष्ट्राचा भूगोल, राज्यघटना, अर्थशास्त्र सगळं येतं, त्याला साखर कारखान्यात, पतसंस्थेत, शेतकरी कंपनीत, संस्थांच्या ऑफिसात कुणीही घ्यावं असा तो असतो, पण त्याच्या बायोडाटावर नुसती रिकामी सहा वर्षं दिसतात आणि एचआरवाली मॅडम विचारते, मग एवढी वर्षं काय करत होतात. एमपीएससीने आधीच एक चांगली सोय केलेली आहे, ज्याला मिळणारी पोस्ट नको आहे त्याने बाहेर पडायचा पर्याय दिला की ती जागा खालच्याला जाते. सोडणाऱ्याची सोय केली की दुसऱ्याचं पण भलं होतं हे तिथे कळलंय ना, मग हे पण करा.

पोरांना एकच सांगणं आहे. जाहिरात यायच्या आधी, डोकं शांत असताना, एका कागदावर लिहा की या वेळी कुठपर्यंत पोचलो तर पुढची देणार आणि कुठे राहिलो तर निघणार. मार्कांचा आकडा घालून लिहा. घरचं एक माणूस आणि इथला एक मित्र, दोघांना तो कागद द्या. निकालाच्या रात्री ठरवू नका, निकालाच्या रात्री सगळेच म्हणतात शेवटची एक देतो. हवं तर माझ्याकडे ठेवा कागद, मी काउंटरच्या खणात ठेवीन, निम्म्या पोरांच्या किल्ल्या तिथेच असतात.

आणि तुमच्याकडे ही विनंती, की निकालाच्या दिवसात आठवड्यातून एकदा तरी अशी बातमी द्या ज्यात परीक्षा सोडून गेलेला मुलगा नाहीतर मुलगी आज काय करते ते नीट लिहिलेलं असेल, गाव कुठलं, काम काय, पगार किती, पहिले सहा महिने कसे गेले, घरी काय सांगितलं. दुःखाची गोष्ट करून नको, माहिती म्हणून हवी, जशी पास झालेल्याची देता तशी, फोटोसकट. माझ्याकडून गेलेल्या काही जणांना मी फोन करून विचारलंय, त्यातले चौघं नाव घालून बोलायला तयार आहेत, एक ठिबकवाला, एक मुलगी जी आता झेडपीच्या शाळेत शिकवते, एकाने तालुक्याला अकाउंटचं ऑफिस टाकलंय आणि एक दूध संकलन बघतो. तुमचा वार्ताहर पाठवा, दुपारी तीननंतर मला वेळ असतो, मी नंबर देते.

आपली,
एक मेसवाली काकू
सदाशिव पेठ, पुणे